तक्रारीचे स्वरूप

तुमच्या फॉर्मवर बोटभर जागा आहे,
म्हणून मागच्या बाजूला लिहिते.

लीलाधर चावदस फिरके, सावदा.
अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर अठरा वर्षं.
केळीचा ट्रक आधी रिकामा चढवायचा, मग भरून,
वजाबाकी चिठ्ठीवर. एका घडाची चूक नाही कधी.
हे आधी सांगते, कारण तुमच्या साहेबांनी मला विचारलं,
"त्यांना हिशेब कळत नव्हता का?"
कळत होता.
रात्री अकरानंतर कळायचा थांबायचा.

पत्ते त्यानेच खेळले. फोनवर,
पांघरुणात, संडासात, माझ्या मामेभावाच्या हळदीत.
त्याची बाजू मी घेत नाही.
मिक्सर त्याने विकला, माझी पोत त्याने विकली,
पोरीच्या तायक्वांदोच्या फीला "पुढच्या महिन्यात" म्हणाला
पाच महिने.
ते सगळं त्याच्या नावावर मांडून ठेवलंय मी,
त्याला जन्मभर पुरेल.

पण हा खात्याचा उतारा बघा.
तुमच्याच फायलीतला, तुमचाच शिक्का.
पगाराच्या ओळीला हिरव्या पेनाने बरोबरची खूण.
खाली रमी, रमी, रमी, दोनशे, पाचशे, रमी,
एकाच रात्री सतरा वेळा,
मग पेट्रोल ऐंशीचं, मग पुन्हा रमी.
ज्याने खूण केली त्याचा पेन
या सतरा ओळींवरूनच खाली गेला असेल ना?
की उडी मारली?

पहिलं कर्ज पन्नास हजार. कारण: घरदुरुस्ती.
घर बघायला कुणी आलं नाही.
आलं असतं तर चहा दिला असता
आणि न्हाणीचं दार दाखवलं असतं,
अजून गोणपाटाचंच आहे.
दुसरं, पहिलं फेडायला.
तिसरं रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी मंजूर.
त्या वेळी आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प असतात.
तुमच्याकडे कोण जागं होतं?

मधे मी येऊन गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी,
फैजपूरच्या शाखेत, वेफर्सच्या कढईवरून उठून.
अंगाला तेलाचा वास, म्हणून लांबच उभी राहिले.
लिहून दिलं: यांना आता देऊ नका, हा आजार आहे.
काउंटरवरच्या मुलीने पोच दिली, गोड बोलली.
आठव्या दिवशी त्याला फोन,
"सर, तुमच्यासाठी खास टॉप-अप आहे."
माझं पत्र तुम्ही वाचलं,
की त्यातला नंबर तेवढा उतरवून घेतला?

सासू शाळेत गेलेली नाही. ती म्हणते,
"माय, फुटकी बादली त आपलीच हाये.
पन वतनाऱ्याले इचार,
पानी खाली चाललं ते तुले दिसलं नही का रे भो?"
फॉर्मवर याला रकाना नाही.

आता तो जळगावला आहे, औषधं चालू,
फोन साधा, बटणांचा.
परवा भेटायला गेले तर म्हणाला,
काट्यावर माझ्या जागी कोण बसतो?
तो ट्रक आधी रिकामा तोलतो ना?
मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

हप्ते भरणार नाही असं मी म्हणत नाही.
कढई रात्रीची पण लावते आता.
मला त्या हिरव्या पेनवाल्याचं नाव हवं आहे.
भांडायचं नाही त्याच्याशी.
त्या सतरा ओळी त्याने मोठ्याने वाचाव्यात,
एकेक,
मी समोर बसते.

सोबत: पोच, उतारा,
साक्षीदार म्हणून सासूचा अंगठा.